गेमचा पाट म्हणून हसू नका, तोल मोजते तो

"तोल मोजाले लाखाची मशीनच लागते, गेमच्या पाटावर काय होते" हे गावात फिजिओचा कॅम्प लागला की कोणीतरी म्हणतेच. तसं नाही बावा. निन्टेंडो या व्हिडिओ गेमच्या कंपनीचा वी बॅलन्स बोर्ड, म्हणजे वर उभं राहून गेम खेळाचा पाट, 2007 मध्ये आला, त्याच्या चार कोपऱ्यात चार सेन्सर असतात, कोणत्या कोपऱ्यावर किती वजन पडलं त्यावरून अंगाचा भार नेमका कुठं येते तो बिंदू निघते. ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडा, आजीले उभं करा, डोळे उघडे असले की बिंदू जागच्या जागी थोडा हलते, डोळे मिटाले लावले की बराच भटकते, अन् हे भटकणंच तर मोजाचं असते! 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लॅबच्या फोर्स प्लेटसोबत, म्हणजे पायाखालचा जोर मोजणाऱ्या महागड्या मशीनसोबत, ताडून पाह्यलं, आकडे चांगले जुळले.

आता उलटा गैरसमज नको. हा पाट फक्त खाली पडणारा भार मोजते, आडवा जोर त्याले समजत नाही. चक्कर कानामुळं की शुगरनं पाय बधिर झाल्यामुळं, ते डॉक्टरच सांगन. अन् सारवलेल्या उंचसखल ओट्यावर तर ठेवूच नका, सपाट फरशी पाह्यजे, बाजूले धराले माणूस पाह्यजे.