रोशा तेलाची पारख: वासापासून आलेखापर्यंत

नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरउतारांवर जे गवत तिखाडी म्हणून ओळखलं जातं, तेच रोशा, आणि तेच आयुर्वेदातलं रोहिष. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, भट्टीत घालायचं आणि वाफेबरोबर निघालेलं तेल थंड करून धरायचं. सांधे धरले की हेच तेल चोळतात. वास मात्र थेट गुलाबाचा, आणि या तेलाची सगळी भानगड या वासातच आहे.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई. तिथून पुढे त्याचं नाव ‘तुर्की जिरॅनियम तेल’; जिरॅनियम म्हणजे सुगंधी पानांचं एक वेगळंच झुडूप. ना ते तुर्की, ना जिरॅनियमचं! बल्गेरियातल्या काझनलकच्या महागड्या गुलाबतेलात ते मिसळलं जाई. काही जण तर भट्टी लावण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडत. नाकाला कळणं कठीण, कारण दोन्हीकडे जिरॅनिऑल हाच घटक भरपूर. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा घटक पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला तोही भारतातून गेलेल्या या गवताच्या तेलातूनच. नाव मात्र जिरॅनियमचं चिकटलं.

मग गिऱ्हाईक शहाणं झालं. अस्सल गुलाबतेल थंडाव्यात गोठतं, कारण त्यात मेणासारखे घटक असतात. रोशा तेलात ते नसतात. म्हणून तेल किती अंशांना गोठतं ते पाहू लागले. भेसळ करणाऱ्यांनी त्यावर, मिसळलेलं तेलही गोठावं म्हणून, देवमाशाच्या डोक्यातलं मेण घालायला सुरुवात केली. तेलतपासणीचा पुढचा इतिहास बराचसा असाच घडलेला आहे.

खुद्द रोशा तेलात रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल असं काय काय घातलं जाई. त्यावरची चाचणी आजही करून पाहण्यासारखी आहे. परीक्षानळीत थोडं तेल घ्यायचं आणि ७० टक्क्यांचं अल्कोहोल थेंबाथेंबाने घालत हलवायचं. चांगलं तेल दोन-तीन पट अल्कोहोलात नितळ विरघळतं. रॉकेल किंवा खोबरेल असेल तर नळी दुधाळ होते. सोबत घनता, अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वाकतो तो आकडा), आणि अ‍ॅसेटिक अनहायड्राइड या रसायनाशी क्रिया करून मोजलेलं एकूण अल्कोहोल, म्हणजे तेलातलेच जिरॅनिऑलसारखे अल्कोहोल गटातले घटक. या शेवटच्या आकड्यावर बाजारभाव ठरे. पण त्यातून अल्कोहोल किती ते कळे, कोणतं ते नाही.

औषधाच्या दृष्टीने खरी अडचण इथेच होती. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की वाळलेल्या पेंढीवरून जाणकारही फसावा. मोतियाच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त जिरॅनिऑल; सोफियाच्या तेलात ते कमी, आणि लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल यांची गर्दी. रोहिष म्हणून कुठलं गवत आलंय हे पानावरून नव्हे, तेलावरून ठरवावं लागतं.

तेल किती निघतं हे मोजण्याची सोय १९२८ साली क्लेव्हेंजर यांच्या काचेच्या उपकरणाने झाली. औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळांत ते अजून रोज उकळत असतं. त्यात काय काय आहे, हे मात्र १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-क्रोमॅटोग्राफी मांडल्यावर उलगडू लागलं. केसासारख्या बारीक, तीसेक मीटर लांब नळीतून तेलाची वाफ जाते आणि एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडून आलेखावर शिखर उमटवतो. पुढे तिला वस्तुमान-वर्णपटाची, म्हणजे रेणूचे तुकडे करून त्यांच्या वजनांवरून घटक ओळखण्याची, जोड मिळाली. तरी टर्पीनांचे, म्हणजे जिरॅनिऑल-लिमोनीनच्या कुळातल्या घटकांचे, वर्णपट सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, म्हणून १९५८ साली कोव्हाट्स यांनी मांडलेला धारण-निर्देशांकही (घटक नळीतून केव्हा बाहेर पडतो त्यावरून काढलेला आकडा) जुळवून पाहावा लागतो.

आता रॉकेलची जागा कारखान्यातल्या जिरॅनिऑलने घेतली आहे. त्याच्या रेणूला डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असणारी दोन रूपं नसल्याने तो भेद ओळखणारी खास नळी इथे निरुपयोगी. किरणोत्सारी कार्बन ताज्या झाडात असतो, खनिज तेलात उरलेला नसतो; म्हणून त्याची चाचणी खनिज तेलापासून बनवलेला माल पकडते, पण पाइनच्या टर्पेंटाइनपासून बनवलेला तिच्याही हातून निसटतो, कारण पाइनसुद्धा झाडच. म्हणून विश्लेषक आलेखातलं सर्वांत उंच शिखर बाजूला ठेवून पायथ्याशी बघतो: लिनालूल आहे का, जिरॅनिल अ‍ॅसिटेट ठरल्या प्रमाणात आहे का, आणि नेरॉल, म्हणजे जिरॅनिऑलचाच जुळा रेणू, नको इतकं वाढलेलं तर नाही ना.