रिडो कालवा व त्यातील खाजगी नौकाप्रवास

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील ऑटवा व किंग्स्टन या शहरांना जोडणारा, जलपाशांचा (पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजांच्या हौदांचा) ऐतिहासिक जलमार्ग. लांबी 202 किमी. यातील प्रत्यक्ष खोदलेला भाग जेमतेम 19 किमी. भरतो, बाकी मार्ग रिडो व कॅटरॉक्वी या नद्यांतून आणि त्यांच्या सरोवरांतून जातो. बांधकामाचा काळ 1826–32. उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे अनेक कालवे निघाले, त्यांपैकी मूळच्या मार्गावर आणि बव्हंशी मूळच्याच दगडी बांधणीवर आजही चालू असलेला हा सर्वांत जुना कालवा मानला जातो. 1925 मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला, 1972 पासून ‘पार्क्स कॅनडा’च्या ताब्यात आहे आणि 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. मालवाहतूक केव्हाच संपली; सध्या त्यातून फिरतात त्या हौशी लोकांच्या मोटरबोटी, शिडाच्या होड्या, भाड्याच्या घरबोटी आणि वल्ह्याच्या कनू.

या भागातून कनूने जाण्याची वाट कालव्याच्या फार आधीची आहे. अल्गाँक्विन व इतर मूलनिवासी लोक नद्या-सरोवरांतून आणि मधल्या जमिनीच्या पट्ट्यांवरून होड्या खांद्यावर वाहून नेत प्रवास करीत. ब्रिटिशांनी येथे कालवा काढण्याचे कारण मात्र लष्करी होते. ब्रिटन व अमेरिका यांच्यातील 1812–15 च्या युद्धात मॉन्ट्रिऑल ते किंग्स्टन हा सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग अमेरिकी तोफांच्या टप्प्यात येतो, हे उघड झाले. सीमेपासून दूर, आतल्या बाजूने दारूगोळा व सैन्य नेता यावे म्हणून ही वाट ठरली. काम रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्करी अभियंता दलाचे लेफ्टनंट कर्नल जॉन बाय यांच्याकडे सोपवले गेले. कालव्याच्या ऑटवाकडील तोंडाशी मजुरांची व कंत्राटदारांची जी वस्ती उभी राहिली तिला बायटाउन म्हणत. 1855 मध्ये तिचे नाव ऑटवा झाले आणि 1857 मध्ये राणी व्हिक्टोरियाने राजधानीसाठी तिचीच निवड केली. ज्या शत्रूसाठी कालवा खोदला तो पुन्हा आलाच नाही. मेरिकव्हिल, नॅरोज, न्यूबरो व किंग्स्टन मिल्स येथील चार संरक्षक गढ्या तेवढ्या त्या भीतीची खूण म्हणून उभ्या आहेत.

जलपाशांचे आकारमान हा रिडोच्या इतिहासातील बराच चर्चिलेला प्रश्न आहे आणि आजच्या नौकाप्रवासाच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा ठरतो. मूळ योजना मॉन्ट्रिऑलजवळच्या लशीन कालव्याच्या मापाची, म्हणजे 100 फूट लांब व 20 फूट रुंद (सु. 30.5 × 6.1 मी.) जलपाशांची होती. बाय यांनी 150 × 50 फुटांचा आग्रह धरला. वाफेच्या बोटी हे उद्याचे वाहन आहे आणि आरमाराला लागणारी लांब डोलकाठीची लाकडे लहान जलपाशांतून जाणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. लंडनला खर्चाची धास्ती होती. अखेर 1828 मध्ये सर जेम्स केम्प्ट यांच्या समितीने मधला तोडगा काढून 134 × 33 फूट (सु. 40.8 × 10.1 मी.) हे माप मंजूर केले. काही इतिहासकार या निर्णयाला निव्वळ तडजोड म्हणतात. तथापि वाफेच्या बोटींचा विचार सुरुवातीपासूनच करून आखलेल्या पहिल्या काही कालव्यांत रिडोची गणना होते ती याच मापामुळे, आणि बाय यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य झाले असेच म्हणणे अधिक रास्त वाटते. गंमत अशी, की मॉन्ट्रिऑलकडून येणाऱ्या वाटेवर, ऑटवा नदीवरील ग्रेनव्हिल कालव्याचे काही जलपाश आधीच जुन्या लहान मापाने बांधून झाले होते. त्यामुळे रिडोतून सहज जाणारी मोठी बोट ग्रेनव्हिलला अडकायची.

बाय यांच्या आखणीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे खोदकाम टाळून पाणी चढवण्याची पद्धत. धबधबे व खळाळ यांना वळसा घालून लांब चर खणण्याऐवजी त्यांच्या खालच्या अंगाला बंधारा घालायचा, मागे पाणी तुंबवून खळाळ बुडवून टाकायचा आणि बंधाऱ्याशेजारी जलपाश बांधायचा. जोन्स फॉल्स येथील दगडी कमानी धरण सु. 60 फूट (18 मी.) उंच व 350 फूट लांब असून बांधले गेले तेव्हा ते उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच धरण होते; त्याचे कंत्राटदार जॉन रेडपाथ. ऑटवाजवळच्या हॉग्ज बॅक येथील बंधारा मात्र बांधकाम चालू असताना तीनदा कोसळला.

न्यूबरो येथील, दोन सरोवरांमधला जमिनीचा पट्टा फोडण्याचे काम सर्वांत जिकिरीचे ठरले. अप्पर रिडो सरोवर हा या मार्गाचा माथा. ऑटवाकडून तेथवर 83 मी. चढण आणि तेथून किंग्स्टनकडे 50 मी. उतार आहे. माथ्यालगतच्या या पट्ट्यात मऊ माती लागेल असा अंदाज होता, निघाला कठीण कातळ. त्यातच 1828 च्या उन्हाळ्यात तापाची साथ आली. तेव्हा बाय यांनी चर खोल करण्याचा नाद सोडून नॅरोज येथे बंधारा व एक जादा जलपाश घातला, वरच्या बाजूच्या पाण्याची पातळी वाढवली आणि खणायची खोली कमी केली. बिग रिडो व अप्पर रिडो ही एकाच सरोवराची दोन सरोवरे झाली ती अशी.

हा ताप हिवतापच होता, याबद्दल फारसे दुमत नाही. ठरावीक अंतराने येणारी थंडी, घाम आणि ताप पुन्हा उलटणे ही समकालीन वर्णने हिवतापाशी जुळतात, आणि त्या हवामानात टिकू शकणारा परजीवी पाहता तो प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स असावा. वाद आहे तो तेथे कोठून आला याबद्दल. पूर्वी अनेक लेखनांतून, आणि स्थानिक माहितीफलकांवरूनही, असे सांगितले जाई की भारतात नोकरी करून आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो आणला. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात काही महिने, क्वचित वर्षांनंतरही, पुन्हा जागा होतो, म्हणून ही उपपत्ती अशक्य कोटीतील म्हणता येत नाही. परंतु किंग्स्टन परिसरातील वसाहतवाल्यांत असा ताप अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच माहीत होता, त्याचा संसर्ग वाहणारा ॲनॉफिलीस डास तेथे मुळातच होता, आणि इंग्लंडच्या दलदली किनाऱ्यांवरही त्या काळी हिवताप सर्रास असे. भारताकडे बोट दाखवण्याची गरज त्यामुळे उरत नाही. अलीकडच्या अभ्यासकांचा कलही रोग आधीपासून स्थानिक होता असे मानण्याकडे आहे. कालव्याने केले ते एवढेच, की हजारो मजूर ऐन डासांच्या हंगामात दलदलीच्या काठी एकत्र आणले. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे दाखवला तो 1897 मध्ये. 1828 मध्ये दोष कुजक्या हवेला दिला जात असे, आणि सिंकोनाच्या सालीपासून केलेले औषध मजुरांच्या ऐपतीबाहेरचे होते. स्वतः बायही या तापाने आजारी पडले होते. मृतांचा आकडा सामान्यतः सु. 1,000 दिला जातो आणि त्यातील निम्म्याच्या आसपास हिवतापाचे असावेत असे म्हणतात. बाकीचे सुरुंग, अपघात व इतर रोग यांचे बळी. बहुतेक मजूर आयरिश स्थलांतरित व फ्रेंच कॅनेडियन होते.

24 मे 1832 रोजी ‘पंपर’ ही छोटी आगबोट, त्या प्रसंगापुरते ‘रिडो’ हे नाव धारण करून, बाय कुटुंबीयांसह किंग्स्टनहून निघाली आणि 29 मे रोजी बायटाउनला पोहोचली. एकूण खर्च सु. 8 लाख 22 हजार पौंड झाला. मूळ अंदाजापेक्षा तो फारच अधिक असल्याने बाय यांना लंडनला परत बोलावून चौकशी करण्यात आली. कोणताही सन्मान न मिळता ते 1836 मध्ये वारले. सेंट लॉरेन्सचे कालवे 1840–50 च्या दशकात पुरे होताच मोठा व्यापार तिकडे वळला. रिडो मागे पडला, आणि मागे पडल्यामुळेच त्याला मोठे करण्याच्या खटपटीतून वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मासेमारी व हवापालटासाठी येणाऱ्यांनी त्याचा ताबा घेतला.

मुख्य मार्गावर सध्या 23 ठिकाणी मिळून 45 जलपाश आहेत, मूळचे 47. स्मिथ्स फॉल्स येथे 1970 नंतरच्या काळात तीन जुन्या जलपाशांऐवजी एकच आधुनिक जलपाश बांधल्यामुळे हा फरक पडला. पर्थ गावाकडे जाणाऱ्या टे कालव्याच्या तोंडाशी आणखी दोन आहेत, ते या मोजणीत धरत नाहीत. हा स्मिथ्स फॉल्सचा जलपाश, न्यूबरो आणि ब्लॅक रॅपिड्स एवढे तीन वगळता सर्व ठिकाणचे दरवाजे अजूनही हाताने फिरवायच्या रहाटांनी उघडतात. उन्हाळ्यात हे काम करणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ असतात. दरवाजे लाकडी, दोन पाखांचे असून मिटल्यावर त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे रोखलेला राहतो. त्यामुळे पाण्याचा दाबच ते घट्ट बंद ठेवतो आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाल्याखेरीज कितीही जोर लावला तरी ते हलत नाहीत. पाणी आत घेतात ते वरच्या टोकाच्या भिंतीतील बोगद्यांतून. बाहेर सोडतात ते खालच्या दरवाजातील झडपांतून.

बोटवाल्याच्या बाजूने पाहता क्रम असा. जलपाशाबाहेरच्या धक्क्यावर निळी रेघ रंगवलेली असते. तिच्यालगत बोट लावली म्हणजे ‘आम्हाला पलीकडे जायचे आहे’ एवढे कर्मचाऱ्यांना कळते. नुसते थांबायचे असेल तर रेघ सोडून बोट बांधावी. हिरवा इशारा मिळाल्यावर कर्मचारी सांगतील त्या क्रमाने, साधारणपणे मोठ्या बोटी आधी, सावकाश आत जायचे. भिंतीवरून खाली सोडलेल्या, वेष्टन घातलेल्या तारा असतात. नाळेकडे एक व पिछाडीकडे एक असे दोन दोर या तारांभोवती वेढून टोके हातात धरायची. दोर पक्का बांधून टाकणे ही नवख्यांची नेहमीची चूक: पाणी उतरू लागले की बोट एका बाजूने टांगली जाते. यंत्र बंद, विडी-सिगारेट व शेगडी बंद. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत तळाची वाफ बाहेर काढणारा पंखा मात्र चालू ठेवावा लागतो, कारण बंद दगडी हौदात इंधनाच्या वाफेचा भडका उडाला तर पळायला जागा नसते. चढताना पाणी जोराने आत येते व बोट हेलकावे खाते, उतरताना फारसे काही जाणवत नाही. ऑटवा येथील पार्लमेंटच्या टेकडीशेजारचे आठ जलपाश सलग, एकाला एक जोडून आहेत. त्यांतून 24 मी. चढायला सुमारे दीड तास लागतो आणि हा सारा वेळ काठावर पर्यटकांची गर्दी असते, हे दोर धरून उभ्या असलेल्याने लक्षात ठेवलेले बरे.

मार्गाची हमी दिलेली खोली 1.5 मी. व पुलांखालची मोकळी उंची 6.7 मी. आहे. उंच डोलकाठीच्या शिडाच्या होड्यांना काठी उतरवून ठेवूनच जावे लागते. कमी उंचीचे काही पूल बोट आल्यावर फिरवून बाजूला करतात. बऱ्याच भागांत वेगमर्यादा ताशी 10 किमी. आहे, त्यामुळे घाई केली तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार दिवस सहज जातात. बाय यांनी बुडवलेल्या रानाचे ओंडके व बुंधे क्रॅनबेरी सरोवरासारख्या ठिकाणी अजून पाण्याखाली आहेत, म्हणून बोयांनी (पाण्यावर तरंगत्या खुणांनी) आखलेली वाट सोडू नये. त्या बोयांतही एक मेख आहे. प्रवाहाच्या उलट जाताना लाल बोया उजवीकडे ठेवायचा हा कॅनडातील नियम. माथा ओलांडल्यावर मात्र चढण संपून उतरण लागते आणि बोयांच्या बाजू अदलाबदल होतात. किंग्स्टनहून न्यूबरोपर्यंत लाल उजवीकडे धरून आलेल्याने पुढे तो डावीकडे धरायचा.

जलपाश मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरमधील थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत खुले असतात. शुल्क बोटीच्या लांबीवर, फुटामागे आकारले जाते. एका जलपाशापासून संपूर्ण हंगामापर्यंतचे वेगवेगळे परवाने मिळतात व रात्री जलपाशाच्या धक्क्यावर मुक्काम करण्यासाठी वेगळे पैसे पडतात. यंत्रावर चालणारी कोणतीही हौशी बोट हाकणाऱ्याकडे, मग तिचा आकार कितीही असो, 15 सप्टेंबर 2009 पासून चालक-पात्रतेचा पुरावा असणे सक्तीचे आहे. भाड्याच्या बोटीसाठी भाडेकरूने बोट ताब्यात घेताना सुरक्षा-तपासणी यादी समजून घेऊन सही केली तरी चालते. भारतातून गेलेल्या कुटुंबांना घरबोटीची सहल जमते ती या सवलतीमुळे. हिवाळ्यात ऑटवा शहरातील 7.8 किमी. पट्टा गोठल्यावर स्केटिंगसाठी खुला करतात. 2022–23 च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड न झाल्याने तो प्रथमच संपूर्ण हंगामभर बंद राहिला.

रिडो हा एकटा मार्ग नव्हे. ऑटवा नदीने मॉन्ट्रिऑलपर्यंत उतरून सेंट लॉरेन्समार्गे किंग्स्टनला परत येणारी त्रिकोणी फेरी हौशी नाविकांत लोकप्रिय आहे. तिच्या वाटेवरील कारियों येथे एकाच जलपाशात बोट सु. 20 मी. चढते किंवा उतरते. किंग्स्टनच्या पश्चिमेला ट्रेंटनहून निघणारा ट्रेंट–सेव्हर्न मार्ग 386 किमी. लांबीचा असून तो 1920 मध्ये पूर्ण झाला. पीटरबरो येथील 1904 चा उचल-जलपाश, ज्यात पाण्याने भरलेली दोन कुंडे एकमेकांच्या वजनाने वर-खाली होतात, आणि बिग शूट येथे बोट गाडीत घालून रुळांवरून टेकडीपार नेण्याची व्यवस्था, ही त्याची खास आकर्षणे. सेंट लॉरेन्स जलमार्गाचे मोठे जलपाश मुळात सागरी जहाजांसाठी आहेत. तेथे 6 मीटरपेक्षा लहान खाजगी बोटीला प्रवेश मिळत नाही आणि मालवाहू जहाज आले तर हौशी बोटींना थांबून त्याला आधी जाऊ द्यावे लागते.