सिंहनृत्यातला सिंह घडतो कसा: दक्षिण चीनमधल्या एका कारागिरीची पार्श्वभूमी

चिनी नववर्ष आलं की क्वालालंपूरपासून कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीपर्यंत ढोल-झांजा घुमू लागतात आणि पापण्या मिचकावणारा, कान हलवणारा रंगीत सिंह दुकानादुकानांपुढे नाचतो. या नाचाला आज मरण नाही. स्पर्धा भरतात, नवी पथकं निघतात, पूर्वी मज्जाव असलेल्या मुलीही आता सिंहाच्या डोक्याखाली उभ्या राहतात. तरीही हा सिंह बांधणाऱ्या कारागिरांचं पुढे काय, ही चिंता चीन आणि हाँगकाँगमध्ये वाढत गेली आहे. नाच जोरात आणि कारागिरी संकटात, असं का झालं हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

मुळात चीनच्या रानात सिंह नव्हताच. तो पश्चिमेकडून, व्यापारी वाटांनी नजराणा म्हणून आला. इ.स. ८७ मध्ये पार्थियाहून (आजच्या इराणच्या बाजूचं राज्य) हान सम्राटाला सिंह पाठवल्याची नोंद आहे. खरा सिंह पाहिलेली माणसं दरबारापुरतीच, त्यामुळे बाकीच्यांसाठी त्याला रूप दिलं ते शिल्पकारांनी आणि सोंगं घेणाऱ्यांनी. तांग काळात (६१८ ते ९०७) दरबारी नृत्यात पाच दिशांच्या (चार दिशा आणि मध्य) पाच रंगांचे पाच सिंह असत. केस शिवून केलेल्या कातड्यात माणूस शिरायचा, दोघे जण दोरी आणि चवरी घेऊन सिंहाला खेळवायचे आणि १४० गायक गात असायचे. त्याच काळातल्या बाई जुयी या कवीने सिंहाचं वर्णनच करून ठेवलंय: लाकडात कोरलेलं डोकं, रेशमाची शेपटी, सोन्याचा मुलामा दिलेले डोळे आणि चांदी मढवलेले दात. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी डोकं लाकडाचं होतं. बांबू आणि कागदाचं डोकं ही नंतरची, दक्षिणेकडची देणगी.

उत्तरेतला सिंह अंगभर लोकरी केसांचा, खऱ्या जनावराच्या जवळ जाणारा. दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांताचा सिंह मात्र सगळा डोक्यात असतो. कपाळावर शिंग, त्याखाली आरसा (दुष्ट शक्तीला आपलंच रूप दिसून ती पळावी म्हणून), मोठं उघडमीट करणारं तोंड आणि मागे लांब कापडी पाठ. या डोक्यांचं जुनं माहेर म्हणजे पर्ल नदीच्या खोऱ्यातलं फोशान. मातीची भांडी, लोखंडाचं ओतकाम आणि कंदील यांसाठी नावाजलेलं हे गाव. आपल्याकडे कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील बांधतात, त्याच जातीची ही विद्या. फरक इतकाच, की हा कंदील डोक्यावर घेऊन माणूस उड्या मारणार असतो.

काम चार टप्प्यांत चालतं: सांगाडा बांधणं, कागद चढवणं, रंगवणं आणि सजवणं. यातला पहिला टप्पा सगळ्यात अवघड. बांबू चिरून, तासून लवचिक कामट्या काढायच्या. त्या वाकवून कपाळाची फुगी, शिंगाचा बाक, ओठांची कमान हवेतच उभी करायची, हाताशी साचा नसताना. जुन्या पद्धतीत कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला प्रत्येक सांधा खळ लावलेल्या चिवट कागदी पट्टीने पिळून बांधतात. एका डोक्यात असे सांधे शेकड्यांनी. सांधा सैल राहिला तर नाचताना डोकं कुरकुरतं, फार आवळला तर कामटी मोडते. वर जाळीदार कापड आणि कागदाचे थर, त्यावर कुंचल्याने काढलेल्या वेलबुट्ट्या, मग भुवया-दाढीचे केस आणि स्प्रिंगवर डुलणारे गोंडे. पापण्या आणि कान आतल्या दोऱ्यांनी हलतात. सिंहाचा रुबाब खरं तर सांगाड्यातच ठरतो. तो चुकला तर कितीही सुंदर रंगकाम त्याला वाचवू शकत नाही.

रंगही मनाला येईल तसा नसतो. तीन राज्यांच्या काळातले (इ.स. तिसऱ्या शतकात चीन तीन राज्यांत विभागला होता तेव्हाचे) तीन वीर या डोक्यांत उतरले आहेत: पिवळा, पांढऱ्या दाढीचा ल्यू बेई, लाल, काळ्या दाढीचा गुआन यू, आणि काळा, तापट झांग फेई. यातला गुआन यू मुंबईतही आहे. माझगावचं सी यप कून हे १९१९ सालचं चिनी देवालय त्याचंच आणि त्याच्या नावातले ‘सी यप’ म्हणजे ग्वांगदोंगमधले चार परगणे. त्यांच्या शेजारच्या हेशानने सिंहाची दुसरी घडण दिली: सरळ शिंग आणि चोचीसारखं तोंड. फोशानच्या सिंहाचं शिंग बाकदार आणि ओठ पसरट.

या कारागिरीला गिऱ्हाईक मिळालं ते कुंगफूच्या आखाड्यांचं. सिंहाचं डोकं ही आखाड्याची अब्रू. दोन सिंह रस्त्यात समोरासमोर आले की मारामाऱ्या व्हायच्या. हाँगकाँगमध्ये त्या इतक्या झाल्या की सिंह नाचवायला पोलिसांचा परवाना लागू लागला. डोकी फाटायची, मोडायची, पुन्हा बांधली जायची आणि कारागिराच्या हाताला काम असायचं.

१९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत चीनच्या मुख्य भूमीवर हे सगळं ‘जुनाट’ ठरलं आणि बंद पडलं. विद्या टिकली ती बाहेर गेलेल्यांमुळे. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावाचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या चिनी समाजाला मिरवणुकीसाठी नवा ड्रॅगन हवा होता. तो त्यांनी १९७० मध्ये हाँगकाँगच्या (तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या) कारागिरांकडून करून घेतला. २०१९ मध्ये त्याला निवृत्ती देताना त्याच्या जागी आलेला ड्रॅगनही हाँगकाँगलाच बांधलेला. ड्रॅगन, सिंह, कंदील ही एकाच बांबू-कागदाच्या धंद्याची कामं. म्हणून त्या वर्षांत हाँगकाँगने राखलेलं ज्ञान फार मोलाचं ठरलं.

मोठा बदल मात्र बंदीने केला नाही, तो लोकप्रियतेने केला. मलेशियात उंच लोखंडी खांबांवरून उड्या मारत सिंह नाचवायची पद्धत रुजली आणि तिथल्याच गेंटिंग या डोंगरावरच्या पर्यटनस्थळी १९९४ पासून जागतिक स्पर्धा सुरू झाली. एका खांबावरून दुसऱ्यावर झेप घेणाऱ्याला जड डोकं परवडत नाही, ही मागणी रास्तच आहे. म्हणून डोकं लहान झालं, बांबूच्या जागी वेत आणि ॲल्युमिनियम आलं, लांब कापडी पाठ आखूड होऊन केसाळ विजारी आल्या. पण याच लाटेत कुंचल्याची जागा चकचकीत चिकटपट्ट्यांनी आणि छापील कापडाने घेतली. त्याचा उडीशी काही संबंध नव्हता, ते फक्त स्वस्त आणि झटपट होतं. मला खरी हानी वाटते ती इथली.

सरकारी मान्यता या सगळ्यानंतर आली. ग्वांगदोंगचं सिंहनृत्य २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेलं, २००७ मध्ये मलेशियाने सिंहनृत्याला राष्ट्रीय वारसा म्हटलं. फोशानच्या सिंहमुखाची कारागिरी चीनच्या यादीत २००८ मध्ये स्वतंत्रपणे नोंदली गेली आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये कागदकामाच्या तंत्राला आपल्या पहिल्या प्रातिनिधिक यादीत घेतलं. नृत्य वेगळं आणि ते घडवणारे हात वेगळे, हे त्यामुळे निदान कागदोपत्री मान्य झालं. पण यादीत नाव आलं म्हणून शिकाऊ पोरगा वर्षानुवर्षं कामट्या तासत बसत नाही. त्याला रोजी सुटायला हवी.

सध्या बरेच कारागीर पर्यटकांसाठी छोटी डोकी विकतात आणि मुलांसाठी रंगकामाचे वर्ग घेतात. त्यातून घर चालतं, रंगांची ओळखही टिकते. पण जे डोकं कधी कुणी डोक्यावर घेणार नाही, त्यात तोल आणि ताण शिकायला मिळत नाही. त्यासाठी नाचणाऱ्या पथकांची मागणी हवी. पूर्ण बांबूचं एखादं डोकं तरी दरवर्षी बांधून घ्यायला हवं आणि जुनी डोकी फेकून न देता दुरुस्तीला पाठवायला हवीत. दुरुस्तीत कागद सोलला जातो, सांगाडा उघडा पडतो आणि आधीच्या उस्तादाने कुठली कामटी कुठे वळवली, कुठला सांधा दुहेरी बांधला, हे शिकणाऱ्याला बोटांनी चाचपता येतं.