क्लॉस्ट्रिडियमचे जनुक बंद करून हवे आहे? ऑर्डर देण्याआधी एवढे वाचा

धनुर्वात, जनावरांचा फऱ्या, शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार, हे सगळे याच कुळातल्या जीवाणूंचे उद्योग. हवा लागली की त्यांची वाढ थांबते, पण बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात.

‘ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूमध्ये झटपट होते, मग इथे इतका वेळ का?’ असे बरेच ग्राहक विचारतात. वेळ जातो तो डीएनए आत पोचवण्यात. परका डीएनए आला की यांची विकरे त्याचे तुकडे पाडतात. क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकमसाठी १९९३ मध्ये त्यावर तोड निघाली: प्लास्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) आधी ई. कोलायमध्येच मिथिलेट करून घ्यायचे, म्हणजे त्यावर रासायनिक खुणा लावून घ्यायच्या; मग विकरे ते तोडत नाहीत. डिफिसिल या आतड्याच्या जीवाणूला आम्ही ई. कोलायकडूनच संयुग्मनाने, म्हणजे पेशीला पेशी भिडवून, प्लास्मिड देववतो. मग सायक्लोसेरीन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर ई. कोलाय मरतो, डिफिसिल तगतो, आणि थायाम्फेनिकॉल या दुसऱ्या प्रतिजैविकामुळे प्लास्मिड घेतलेल्या वसाहतीच उरतात. हे सगळे ऑक्सिजनविरहित चेंबरमध्ये, हातमोज्यांतून. प्लेट्ससुद्धा आधीपासून आत ठेवाव्या लागतात. माध्यमातले रेझाझुरिन हे सूचक रंगद्रव्य गुलाबी दिसले की ऑक्सिजन आहे असे समजायचे आणि थांबायचे.

पद्धत कोणती? घाई असेल तर क्लॉसट्रॉन. नॉटिंगहॅमच्या गटाने २००७ मध्ये आणलेली ही पद्धत जनुकात इंट्रॉन (डीएनएचा एक घुसणारा तुकडा) घुसवते आणि एरिथ्रोमायसिन-रोधाची खूण सोडते. मात्र त्याच ऑपेरॉनमधली (एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या रांगेतली) पुढची जनुकेही गप्प होऊ शकतात. शोधनिबंधासाठी काम असेल तर आमचे मत सरळ आहे: थोडे थांबा, जनुक पूर्ण काढून घ्या. क्रिस्पर ही जनुक-संपादनाची पद्धत हल्ली सगळ्यांनाच हवी असते. पण तिच्यातल्या डीएनए कापणाऱ्या कॅस९ वर लगाम नसेल तर जीवाणूच मरतो, म्हणून नियंत्रित प्रमोटरशिवाय (जनुक चालू-बंद करणाऱ्या कळीशिवाय) आम्ही ते वापरत नाही.

जीएफपी, म्हणजे हिरवे चमकणारे खुणेचे प्रथिन, मात्र मागू नका. त्याला चमक यायला ऑक्सिजन लागतो. इथे फ्लॅव्हिनवर चमकणारी प्रथिने चालतात.

स्ट्रेनसोबत (जीवाणूच्या तुमच्या वाणासोबत) जनुकक्रम आणि प्रतिजैविकांच्या चाचणीचा तक्ता पाठवा. स्ट्रेन मुळातच एरिथ्रोमायसिनला दाद देत नसेल तर क्लॉसट्रॉनची नेहमीची खूण निरुपयोगी. बोट्युलिनम किंवा धनुर्वाताचे विष बनवणारे स्ट्रेन आम्ही घेत नाही.

बदललेल्या स्ट्रेनसोबत मूळ जनुक परत बसवलेला स्ट्रेनही देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, कारण तो नसेल तर दिसलेला फरक त्याच जनुकामुळे पडला हे दाखवता येत नाही. बीजाणू बनवण्याची सुरुवात करणारे स्पो०ए जनुक बंद केलेला स्ट्रेन बीजाणू धरत नाही, त्यामुळे त्याची कुपी ग्लिसरॉलमध्ये, सुक्या बर्फात येईल. मिळाल्याबरोबर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा.