दिवसाला एक मिलिमीटर

बाईक घसरते, माणूस खांद्यावर आपटतो. हेल्मेटमुळे डोकं वाचतं. एक्स-रेत फार तर कॉलरबोन मोडलेलं दिसतं. हात मात्र बाजूला लोंबकळत राहतो, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. ‘शीर दबलीय, येईल हळूहळू,’ असं घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, कधीकधी डॉक्टरही म्हणून जातात. हे वाक्य निम्मंच खरं आहे.

मुळात आपल्या बोलण्यात ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. इथे प्रश्न मज्जातंतूंचा. हातासाठीची पाच मुळं मानेच्या भागातल्या मणक्यांमधून निघतात, कॉलरबोनच्या मागे एकमेकांत गुंततात, पुन्हा सुटतात आणि खांद्यापासून बोटांपर्यंत पसरतात. या गुंत्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की सगळा ताण इथे येतो. तंतू नुसता ताणला असेल तर काही आठवड्यांत हात जागा होतो. आतले धागे तुटले पण वेष्टण शाबूत असेल, तर ते पुन्हा वाढू शकतात. मूळच मज्जारज्जूपासून उपटलं गेलं असेल तर मात्र कितीही थांबलं तरी ते आपसूक जुळत नाही. अशा वेळी काहींची त्याच बाजूची पापणी किंचित खाली उतरते, डोळ्याची बाहुली बारीक होते. हात लुळा पडलेला असताना डॉक्टर डोळ्यात बॅटरी का मारतात, त्याचं उत्तर हे.

१८५० साली ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापल्या जागेपुढचा सगळा तंतू विरून जातो, हे त्यांना दिसलं. म्हणजे वायर जोडली आणि दिवा लागला, असं इथे होत नाही. तुटल्या जागेपासून नवा अंकुर फुटतो आणि जुन्या रिकाम्या नळीतून पुढे सरकतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मानेपासून दंडाच्या बेडकुळीपर्यंत २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे आठेक महिने धरा. (बेडकुळी म्हणजे छोटा बेडूकच, वॉलरना हा शब्द आवडला असता.) पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत पोचायला दोन वर्षं. तिकडे स्नायू मात्र इतका वेळ तग धरत नाही. वर्ष-दीड वर्ष संदेश आला नाही की मज्जातंतू स्नायूला टेकतो ती जोडणीच निकामी होत जाते. अंकुर पोचला तरी दार बंद. म्हणून शस्त्रक्रिया लागणारच असेल तर ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झालेली बरी, आणि म्हणूनच फेरतपासणीची तारीख चुकवायची नसते.

ईएमजी, म्हणजे स्नायू आणि मज्जातंतूंमधली वीज मोजणारी तपासणी, तीन-चार आठवड्यांनी करतात. फार लवकर केली तर फसगत होते, कारण तुटलेला तंतू काही दिवस वीज वाहून नेत असतो. पुढच्या भेटींतली मला सगळ्यात आवडणारी तपासणी बिनखर्चाची आहे. डॉक्टर मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलकेच ठोकत जातात. एका जागी अंगठ्यापर्यंत मुंग्या धावतात. ती जागा लिहून ठेवायची. महिन्याने ती दीड-दोन बोटं खाली सरकली असेल तर अंकुर वाटेवर आहे. तीन महिने तिथेच अडकली असेल तर सर्जनशी बोलायची वेळ झाली. १९१५ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन या दोघांनी ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली. दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते.

मधल्या काळात घरी करायचं काम कंटाळवाणं असतं, पण त्यावर बरंच अवलंबून असतं. दुसऱ्या हाताने किंवा घरच्यांच्या मदतीने खांदा, कोपर, मनगट, बोटं रोज हलवायची. नाहीतर तंतू येतो आणि सांधा आखडलेला असतो. खांदा निखळू नये म्हणून झोळी, पण दिवसभर त्यातच हात अडकवून ठेवायचा नाही. बधिर बोटांना चहाचा कप पोळतो ते कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. भाजल्यासारख्या, विजेच्या झटक्यासारख्या वेदनांना नेहमीच्या गोळ्या सहसा पुरत नाहीत. त्यांची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

मूळ उपटलं असेल तर सर्जन दुसरीकडची तार उसनी घेतात. एक उपाय म्हणजे बरगड्यांमधले, श्वासाला मदत करणारे मज्जातंतू बेडकुळीच्या मज्जातंतूला जोडणं. मग फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘खोल श्वास घ्या, आणि वाकवा.’ सुरुवातीला नुसती थरथर, मग टेबलावर आडवा ठेवलेला हात सरकतो, मग कोपर वजनाविरुद्ध उचललं जातं. महिनोन्‌महिने सराव झाला की मेंदू नवी वाट शिकतो आणि बोलता बोलता कोपर वाकवता येतं. जोराचा खोकला आला की मात्र ते पुष्कळदा तरीही आपसूक उडतं.