रक्तक्षय, लोहाच्या गोळ्या आणि सीलियाकची तपासणी : पार्श्वभूमी

रक्त कमी असेल तर लोहाची गोळी, हे उत्तर १९७० च्या केंद्रीय कार्यक्रमापासून गावोगावी पोचले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अपुरा आहार, पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत ही कारणे मोठी आहेतच. पण गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर गोळीतले लोह शरीरात जाते का, हे पाहायला हवे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. सीलियाक या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे नेमका तोच भाग झिजतो. जुलाब, पोटफुगी काहीही नसताना रक्तक्षय हेच एकमेव लक्षण असू शकते.

गव्हाचा हा संबंध दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये उलगडला. या आजारात शरीराची प्रतिपिंडे टीटीजी या शरीरातल्याच विकरावर (एन्झाइमवर) हल्ला करतात, हे १९९७ मध्ये सापडले आणि ती प्रतिपिंडे शोधणारी ‘टीटीजी’ तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर शक्य झाली. आपल्याकडे मात्र हा उत्तरेकडचा, पोळी खाणाऱ्यांचा आजार म्हणून बराच काळ बाजूला राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात प्रमाण सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत ०.१ टक्के निघाले. आजाराला पोषक जनुके दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता रोजच्या गव्हात. मराठवाडा त्या पाहणीत नव्हता.

इथेच खरा वाद आहे. रक्तक्षयाच्या प्रत्येक रुग्णाची टीटीजी करावी की फक्त गोळ्यांना दाद न देणाऱ्यांची? अमेरिकी मार्गदर्शनाने २०२० मध्ये आणि ब्रिटिश मार्गदर्शनाने २०२१ मध्ये लोहाच्या कमतरतेत ही रक्ततपासणी करण्याकडे कौल दिला. पण तिकडे गहू रोजचा. परभणी-बीडकडच्या ज्या घरात आजही दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होते, तिथे हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसते. गहू पोटात फारसा जातच नसेल तर आजार असूनही टीटीजी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गहू हवा, असे ब्रिटिश मार्गदर्शन सांगते. ‘तुम्ही काय खाता’ हा प्रश्न केसपेपरवर आधी लिहिला जायला हवा. रेशनच्या गव्हाने पोळी रोजची झालेल्या घरांत मात्र ही तपासणी टाळण्याला आधार उरत नाही.

टीटीजीसोबत एकूण आयजीए (नेहमीची टीटीजी मोजते त्या प्रकारची प्रतिपिंडे) पाहणेही गरजेचे. ते जन्मतः कमी असेल तर नेहमीची टीटीजी फसवते. युरोपात २०१२ पासून टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असलेल्या मुलांत, ठरावीक अटींवर, आतड्याचा तुकडा न घेता निदान मान्य झाले. प्रौढांत दुर्बीण टाकून तुकडे घेणे अजून बहुतेक ठिकाणी लागतेच. अलीकडे शिरेतून लोह देणे वाढले आहे. ते आतड्याला वळसा घालते, त्यामुळे हिमोग्लोबिन चढते आणि आतडे तपासायचे राहून जाते.