जुन्या गिटार ॲम्प्लिफायरचे अर्थिंग

१९५० व १९६०च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या बहुतेक ट्यूब ॲम्प्लिफायरना (फेंडर, गिब्सन, सिल्व्हरटोन वगैरे) दोन पिनांची वायर असे. ती काढून अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवणे ही अशा ॲम्पची पहिली दुरुस्ती. आवाजाचे काम त्यानंतर.

दोन पिनांचा प्लग कसाही उलटा बसे आणि एका बाजूने ॲम्प जास्त घुमे, म्हणजे त्यातून सतत गुणगुण ऐकू येई. त्यावर उपाय म्हणून मेन्सची एक तार आणि धातूची चॅसी (ॲम्पचा आतला सांगाडा) यांच्यामध्ये कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा भाग) जोडत, बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. मागचा 'ग्राउंड' स्विच फिरवला की तो दुसऱ्या तारेला लागे. घुमणे कमी होईल तिकडे वादक स्विच ठेवत. फेजच्या बाजूला असला तर धड कपॅसिटरमधूनही १२० व्होल्टला सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे हाताला झिणझिण्या. जुना होऊन तो शॉर्ट झाला, तर अख्खी फेज चॅसीवर येते आणि केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांपर्यंत पोचते. बोटे तारांवर आणि ओठ अर्थ असलेल्या मायक्रोफोनला लागले, की प्रवाहाची वाट छातीतून जाते. तंत्रज्ञ या कपॅसिटरला 'डेथ कॅप' म्हणतात ते उगाच नव्हे.

धोका उलट बाजूने, म्हणजे मायक्रोफोनकडूनही येतो. स्टोन द क्रोज या बँडचा स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे मंचावर शॉक लागून मरण पावला. त्याने हात लावलेल्या मायक्रोफोनला नीट अर्थिंग नव्हते.

दुरुस्तीत डेथ कॅप काढून टाकतात. हिरवी अर्थची तार स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून चॅसीला घट्ट आवळतात आणि इतर दोन तारांपेक्षा लांब ठेवतात. वायर हिसकली गेलीच, तर अर्थ सर्वांत शेवटी तुटावा. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून ट्रान्सफॉर्मरला जाते, न्यूट्रल थेट. ॲम्प बंद असला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही जास्त दाब साठलेला असू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. सवय नसलेल्याने हे काम जाणकाराकडेच द्यावे. मूळपणा जाईल म्हणून संग्राहक कचरतात, पण जुनी वायर पिशवीत जपून ठेवता येते.

काही स्वस्त छोट्या ॲम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची एक बाजू थेट सर्किटला जोडलेली असते. तिथे नुसती वायर बदलून भागत नाही, सर्किटला मेन्सपासून वेगळे ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो.

असा ॲम्प भारतात आणला, तर रंगांचा घोळ होतो. अमेरिकेत काळी तार फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल. रंगावर विसंबून जोडणाऱ्या वायरमनकडून फ्यूज आणि स्विच चुकून न्यूट्रलवर जातात, आणि स्विच बंद करूनही आत फेज जिवंत राहते. आपल्या २३० व्होल्टसाठी घेतलेल्या स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला अर्थची पिन आहे ना, हेही पाहावे लागते. नुसत्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये नव्या वायरचा उपयोग शून्य. घुमणे थांबावे म्हणून अर्थची पिन कापणे हा तर पुन्हा जुनाच धोका. शेवटची तपासणी मल्टिमीटरची: ॲम्पचा प्लग काढून त्याची अर्थ पिन आणि चॅसी यांच्यातला रोध मोजावा, तो जवळजवळ शून्य ओहम यायला हवा.